चोवीस तासांत खत होत नाही

घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत सोसायट्यांच्या मीटिंगमध्ये हल्ली खत-मशीनचं एक ब्रोशर फिरतं: ‘ओला कचरा टाका, २४ तासांत खत मिळवा.’ २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं. विक्रेत्यांचं तेव्हापासून फावलं. मशीन चालतं, वासही येत नाही. फक्त हीटरवाल्या मशीनमधून एका दिवसात निघतो तो वाळवलेला कचरा, खत नव्हे.

१०० किलो ओल्या कचऱ्यात ७०-७५ किलो पाणीच असतं. हीटरने ७० किलो पाण्याची वाफ करायला किलोमागे निदान ०.६३ युनिट, म्हणजे ४४ युनिट वीज लागते; मोटर वेगळी. उरलेला तपकिरी भुसा कुंडीत घालून पाणी दिलं की त्यावर बुरशी धरते, अडलेलं कुजणं पुन्हा सुरू होतं आणि मुळांच्या वाट्याचा ऑक्सिजन जिवाणूच गट्ट करतात. तुळस पिवळी पडते, बोलणी माळी खातो.

खत करतात ते जिवाणू, आणि त्यांचा हिशेब फार देखणा आहे. त्यांच्या शरीरात नायट्रोजनच्या एका भागाला कार्बनचे साधारण १० भाग असतात. पण खाल्लेल्या कार्बनपैकी दोन तृतीयांश श्वसनात जळून कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणून त्यांच्या खाण्यात १ भाग नायट्रोजनमागे ३० भाग कार्बन हवा: २० जाळायला, १० शरीर बांधायला. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात हे प्रमाण १५-२०च्या आसपास असतं. जास्तीचा नायट्रोजन अमोनिया होऊन उडतो. सुक्या पानांत कार्बन भरपूर, म्हणून बादलीभर ओल्या कचऱ्याला एक ते दीड बादली चुरलेला पाला घालायचा.

नाकात अमोनिया झोंबला तर पाला वाढवा. सडक्या अंड्यांचा वास आला तर आत हवा नाही, ढीग उलटा. मूठभर मिश्रण दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर हवेच्या जागा पाण्याने भरल्यात.

मीटरभर लांब, रुंद आणि उंच ढीग आपली उष्णता धरून ठेवतो. दोन-तीन दिवसांत आत ५५-६० अंश होतात, तेही फुकटात. सलग तीन दिवस ५५च्या वर राहिला तर बहुतेक रोगजंतू मरतात. ७०कडे गेला तर कामकरी जिवाणूच मरू लागतात, तेव्हा लगेच उलटायचा. एरवी आठवड्यातून एकदा पुरे. उलटूनही तापेनासा झाला की बुरशी आणि ॲक्टिनोमायसिटीस (बुरशीसारखे धागे काढणारे जिवाणू) पाल्यातल्या चिवट सेल्युलोज-लिग्निनकडे वळतात. मातीचा तो ओला वास, जिओस्मिन, या ॲक्टिनोमायसिटीसचाच. हे काम सावकाशीचं, महिनाभर तरी द्यावा लागतो. महागड्या ‘कल्चर’ची गरज नाही, जिवाणू कचऱ्यावर असतातच, घमेलंभर जुनं खत विरजणाला पुरतं.

पाल्याची सोय मात्र आधीच हवी. उन्हाळ्यापूर्वी पर्जन्यवृक्ष पानं गाळतात, ती जाळून टाकण्याऐवजी गोणीत भरून छपराखाली ठेवा. ठाण्याच्या जुलैत कोरडं पान कुठून आणणार?

मशीन घेऊनच बसला असाल तर त्यातला भुसा पाला आणि पाणी घालून खड्ड्यात चार-सहा आठवडे मुरवा. मग दमट खत पिशवीत तीन दिवस बंद ठेवून उघडा. आंबूस वास आला तर अजून कच्चं आहे.