पिवळं नाक म्हणजे खास तुकडी?

मेसरश्मिट १०९ या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन लढाऊ विमानाचं मॉडेल करायला घेतलं की कुणीतरी सांगतंच: पिवळ्या नाकाची विमानं म्हणजे जर्मन हवाई दलप्रमुख गोअरिंगची निवडक तुकडी! १९४० मध्ये कित्येक ब्रिटिश वैमानिकांचाही हाच समज होता. पण तसं काही नव्हतं. हवेतल्या झटापटीत आपलं विमान कुठलं ते क्षणात कळावं, म्हणून त्या ऑगस्टपासून अनेक जर्मन तुकड्यांनी नाक, सुकाणू, पंखांची टोकं रंगवली. कुणी पिवळी, कुणी पांढरी. तुकडी ओळखायची तर कॉकपिटखालचं बोधचिन्ह बघा. जेजी २६ या जर्मन लढाऊ विमानांच्या तुकडीचं म्हणजे पांढऱ्या ढालीवर काळा गॉथिक 'एस'. डेकलशीटवर, म्हणजे मॉडेलवर चिकटवायच्या चित्रांच्या कागदावर, तो जेमतेम तांदळाएवढा असतो, चिमट्यातून निसटला की गेलाच. आणि पिवळं डेकल थेट करड्यावर लावू नका, हिरवट दिसतं. आधी पांढऱ्याचा एक हात मारा.