पणजोबांची नोंद कुठे सापडेल? महाराष्ट्रातील जुन्या जन्म-मृत्यू नोंदी शोधण्याची रीत

आमच्या आजोबांची जन्मनोंद आम्ही दोन वर्षं शोधत होतो. मूळ गावच्या ग्रामपंचायतीत अर्ज दिला, तहसिलात खेपा घातल्या, दरवेळी उत्तर एकच: नोंद आढळत नाही. शेवटी थोरली आत्या म्हणाली, "अरे, पहिलटकरणीचं बाळंतपण माहेरीच व्हायचं ना? आजोळच्या गावाचं दप्तर बघा." तिथे पहिल्याच दिवशी नोंद निघाली.

घराण्याचा इतिहास शोधायला बसणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते. घटना जिथे घडते तिथेच तिची नोंद होते, माणूस मूळचा कुठला हे तिथे पाहत नाहीत. थोरल्या भावंडाचा जन्म बहुधा आजोळी सापडतो, धाकट्यांचा वडिलांच्या गावी. गिरणीत कामाला गेलेल्या पणजोबांचा मृत्यू मुंबई महापालिकेच्या रजिस्टरात असतो, गावात नसतो. म्हणून अर्ज लिहिण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांपाशी निवांत बसा आणि दोनच गोष्टी काढून घ्या: गाव कोणतं आणि साल साधारण कोणतं. सालाचा आकडा कुणाला सांगता येत नाही, पण "मानमोडीच्या साथीनंतरच्या दसऱ्याला" असं सांगतात. मानमोडी म्हणजे 1918 ची इन्फ्लुएन्झाची साथ. आमचा शोध एवढ्या एका वाक्यावर 1919 च्या ऑक्टोबरात येऊन थांबला.

1970 नंतरची नोंद

जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम 1969 सालचा. तो 1 एप्रिल 1970 पासून लागू झाला. खेड्यात ग्रामपंचायत, शहरात नगरपरिषद किंवा महापालिका, असं हे काम वाटलेलं आहे. मुंबईत महापालिकेच्या विभाग कार्यालयातल्या आरोग्य खात्यात जावं लागतं.

मागू कोण शकतं? कायद्याचं कलम 17 सांगतं की कोणीही व्यक्ती ठरलेली फी भरून निबंधकाकडून नोंदीचा शोध करून घेऊ शकते आणि तिचा उतारा मागू शकते. मात्र मृत्यूच्या उताऱ्यात मृत्यूचं कारण दिलं जात नाही. प्रत्यक्षात खिडकीवर "तुमचं नातं काय?" असं विचारतातच, म्हणून स्वतःचं आधार कार्ड आणि नातं दाखवणारा एखादा कागद (वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, रेशन कार्ड, वारस नोंदीचा फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद) जवळ ठेवा. अर्जात व्यक्तीचं नाव, आईवडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, गाव आणि घटनेचं साल लिहा. शोधाची फी वर्षागणिक लागते. "1970 ते 1990" असा मोघम अर्ज केलात तर पैसेही जास्त जातात आणि कारकून मनापासून शोधतही नाही. तीन-चार वर्षांचा पट्टा द्या.

नोंद मिळाली नाही तर तोंडी नकार घेऊन परत येऊ नका. नमुना 10 मधलं अनुपलब्धता प्रमाणपत्र लेखी मागा. तो कागद असला की पुढच्या कार्यालयात तुमचं म्हणणं ऐकून घेतात. आणि एक कळकळीची विनंती: कोणी एजंट "नवीन नोंद करून देतो" म्हणाला तर तिथूनच मागे फिरा. एक वर्षापेक्षा उशिराची नोंद जिल्हाधिकारी, प्रांताधिकारी किंवा अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय होत नाही. शिवाय आपल्याला जुनी खरी नोंद हवी आहे, नवा कागद नको.

त्याआधीची नोंद: गाव नमुना 14

खरा खजिना इथे आहे. गावच्या जन्म-मृत्यूच्या रजिस्टरला गाव नमुना 14 म्हणतात, लोकांच्या तोंडी ते "कोतवाल बुक". जुनी बुकं बहुतेक तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात, लाल फडक्यात बांधलेल्या गठ्ठ्यांत असतात. तहसीलदारांच्या नावे साधा अर्ज करायचा, त्यावर कोर्ट फी स्टँप लावायचा, गाव आणि साल लिहायचं आणि अभिलेखपालाकडे आधी पाहणी मागायची. नोंद डोळ्यांनी पाहिली की मग नक्कल मागायची. पाहणी न करता नकलेचा अर्ज केला तर "आढळत नाही" असा शेरा घेऊन परत यायची वेळ येते. कारण आपण शोधतो आडनाव, आणि त्या बुकात आडनाव बहुधा नसतंच.

आमच्या आजोबांच्या नोंदीच्या जागी एवढंच होतं: वडील "रामजी बिन सखाराम", पुढे जात, आणि मग "पुत्र". मुलाचं नावच नाही, कारण नाव ठेवतात बारशाला आणि कोतवालाने वर्दी दिली त्याच्या आधी. मी त्या एका शब्दावर बोट ठेवून कितीतरी वेळ बसून राहिले. शाई तपकिरी झालेली, कडेला वाळवीने खाल्लेलं, पण "पुत्र" स्वच्छ वाचता येत होतं.

तेव्हा ही ओळख करून घ्या. "बिन" म्हणजे अमक्याचा मुलगा, मराठवाड्यातल्या कागदांत तिथे "वलद" येतं. "कोम" म्हणजे अमक्याची बायको: सखुबाई कोम रामजी. कधी "जोजे" लिहिलेलं असतं, अर्थ तोच. मृत्यूच्या कारणात ताप, देवी, पटकी असे शब्द येतात, पटकी म्हणजे कॉलरा. साल शकाचं असेल तर 78 मिळवा: शके 1841 म्हणजे 1919. मराठवाड्यात फसली साल भेटतं, त्यात साधारण 590 मिळवायचे.

लिपी हा दुसरा अडसर. मोडी 1950 च्या सुमारास शाळेतून गेली, त्यामुळे आपल्या आधीच्या पिढीलाही ती वाचता येत नाही. मोडी वाचणाऱ्या जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या, आणि त्यावर त्यांची सही घ्या. मराठवाड्यात निजामी राजवटीचे कागद उर्दूतही असतात, तिथे उर्दू वाचणारा माणूस सोबत हवा.

गाव कोणत्या तालुक्यात आणि जिल्ह्यात होतं हे जुन्या नकाशावर पाहा. सिंधुदुर्ग आणि जालना 1981 साली झाले, लातूर आणि गडचिरोली 1982 साली, नंदुरबार आणि वाशीम 1998 साली, पालघर तर 2014 साली. जुनं दप्तर कधी कधी मूळ जिल्ह्यातच राहून गेलेलं असतं. औंध, भोर, सावंतवाडी, कोल्हापूर अशा संस्थानांतल्या गावांचं दप्तर वेगळ्याच धाटणीचं.

घरबसल्या करता येण्यासारखी एक गोष्ट आहे. मराठा समाजाच्या जुन्या कुणबी नोंदी शोधायला 2023 साली नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत जुनी रजिस्टरं उघडली गेली आणि कुणबी नोंदी असलेली पानं स्कॅन करून अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर तालुका-गावनिहाय टाकली गेली. आपल्या कुळाची नोंद त्यात नसली तरी गावच्या त्या काळच्या बुकाचं पान कसं दिसतं, अक्षर कसं असतं, हे पाहून डोळा तयार होतो.

शाळा आणि जमीन

जन्माची नोंद मिळत नसेल तर शाळेचं जनरल रजिस्टर बघा. जुन्या जिल्हा परिषद शाळांत शंभर वर्षांपूर्वीचीही रजिस्टरं सापडतात. मुख्याध्यापकांकडे अर्ज करून प्रवेश-निर्गम उतारा मागायचा. जन्मतारखेवर मात्र डोळे झाकून विसंबू नका. गुरुजी अंदाजाने तारीख घालत, त्यामुळे एका वर्गातल्या निम्म्या मुलांचा जन्म 1 जूनचा निघतो.

मृत्यूसाठी माझा सगळ्यात जास्त भरवसा फेरफारावर. कर्ता पुरुष वारला की वारस नोंद घालावीच लागे: गाव नमुना 6 म्हणजे फेरफार नोंदवही, 6-क म्हणजे वारस प्रकरणांची. त्यात "अमुक मयत, वारस अमुक" अशी अख्खी पिढी एका पानावर येते, लग्न होऊन गेलेल्या लेकींचीही नावं कधी कधी सापडतात. भूमी अभिलेख खात्याच्या आपले अभिलेख या संकेतस्थळावर बऱ्याच तालुक्यांतले जुने फेरफार आणि सातबारे स्कॅन केलेले आहेत. गाव आणि गट किंवा सर्व्हे नंबर माहीत हवा.

घराण्यात इनाम, वतन, पाटीलकी, कुलकर्णीपण असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारात जायलाच हवं. पेशवे दफ्तर तिथेच आहे. 1852 च्या कायद्याने इनाम कमिशनने जी चौकशी केली, तिच्या कागदांत वतनदारांच्या वंशावळी आहेत. मुंबई, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथेही पुराभिलेखांची कार्यालयं आहेत. ओळखपत्र आणि संशोधनाचं कारण लिहिलेला अर्ज घेऊन जायचं.

लग्नाची जुनी सरकारी नोंद बहुतेकांच्या घरात नसतेच. सध्याचा नोंदणीचा राज्य कायदा 1998 चा. ख्रिस्ती कुटुंबांना, वसईसारख्या ठिकाणी, चर्चच्या बाप्तिस्मा आणि लग्नाच्या वह्या कामी येतात. बाकीच्यांनी त्र्यंबकेश्वर किंवा नाशिकला आपल्या घराण्याचे तीर्थोपाध्याय शोधावेत. गाव आणि आडनाव सांगितलं की ते वही काढतात, आणि पूर्वी श्राद्धाला आलेल्या पूर्वजांची नावं, कधी त्यांच्या सह्यासुद्धा निघतात. कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे घराण्यांच्या वंशावळी सांगणारे हेळवी येतात. दारात उभं राहून ते पिढ्यांची नावं वाचून दाखवतात. अशी नावं कचेरीत पुरावा म्हणून चालतीलच असं नाही, पण कोणतं गाव धरायचं हे त्यांच्याकडून कळतं. आणि बायकांची नावं विचारा, आवर्जून विचारा. सरकारी कागदात ज्या आजीचं नाव "कोम"च्या आधी एकदाच येतं, तिचं माहेर हेळव्याच्या वहीत असू शकतं.

नोंद कुठेही सापडो, पानाचा फोटो घेतलात तरी तेवढ्यावर थांबू नका. गावाचं नाव, रजिस्टरचं साल, पान आणि अनुक्रमांक लिहून घ्या आणि त्याच दिवशी साक्षांकित नकलेचा अर्ज द्या. आमच्या नोंदीच्या शेजारची चार पानं पुढच्या खेपेला गेलो तेव्हा गळून पडली होती.