टार केल्याने फाइल लहान होत नाही

‘टार केलं की जागा वाचते’ हा समज जुना आहे आणि चुकीचाही. टार ही लिनक्स-युनिक्सवरची आज्ञा फक्त अनेक फाइली एकत्र बांधते; दाबण्याचं काम जीझिप, एक्सझेड यांसारखी वेगळी साधनं करतात. उलट टारमध्ये आकार बहुधा वाढतो. प्रत्येक फाइलमागे किमान ५१२ बाइटांचं शीर्षक (फाइलचं नाव, आकार वगैरे नोंद) लागतं, मजकूरही ५१२ च्या पटीत भरून काढला जातो. जीएनयू टार, म्हणजे लिनक्सवर सहसा असणारा टार, शेवटी एकूण आकार १०,२४० च्या पटीत नेतो. म्हणजे एका बाइटची फाइलसुद्धा १०,२४० बाइटांची होते! हे चुंबकीय टेपवर लिहिण्याच्या काळापासून चालत आलेलं आहे.

खरा घोळ नावामुळे होतो. टारला नुसते ‘सी’ (नवी फाइल बनव) आणि ‘एफ’ (पुढे फाइलचं नाव) हे पर्याय देऊन फाइलीला दाबलेल्या फाइलीसारखं ‘टार डॉट जीझेड’ नाव दिलं, तरी ती दाबली जात नाही. त्यासाठी जीझिप वापरायला सांगणारा ‘झेड’ हवा, किंवा जीएनयू टारमध्ये नावावरून पद्धत ठरवणारा ‘ए’. डॅशनंतर पर्याय एकत्र लिहिताना ‘एफ’ नेहमी शेवटी ठेवा, कारण त्याच्या लगेच पुढचं अक्षर फाइलचं नाव धरलं जातं. ‘सीएफझेड’ लिहिलंत, तर ‘झेड’ नावाचीच फाइल तयार होते. सोडवताना मात्र ‘एक्स’ (फाइली बाहेर काढ) आणि ‘एफ’ पुरतात. दाबण्याची पद्धत आजचा टार स्वतः ओळखतो. शंका असेल तर ‘फाइल’ ही आज्ञा चालवा, ती नाव न बघता आतले बाइट तपासते.