फ्री-रेंज पेरेंटिंग

मुलांना सोबत मोठं माणूस न देता फिरू, खेळू, शाळेत जाऊ-येऊ द्यायची पद्धत. शब्द कोंबड्यांवरून आलाय, खुराड्यात न कोंडता मोकळी सोडलेली ती फ्री-रेंज. मराठीत याला वेगळा शब्द रुळलेला नाही, बहुधा गरजच पडली नसावी.

शब्दाचा उगम साधारण २००८ चा धरतात. न्यूयॉर्कच्या पत्रकार लेनोर स्केनाझी यांनी ९ वर्षांच्या मुलाला एका मोठ्या दुकानात सोडलं, हातात सबवेचा म्हणजे भुयारी रेल्वेचा नकाशा, तिकिटाचं मेट्रोकार्ड, २० डॉलर आणि फोनपुरती नाणी दिली, मोबाईल मुद्दाम दिला नाही, आणि सांगितलं की आता एकटा घरी ये. तो आला नीट. पण त्यांनी ते पेपरात लिहिल्यावर मीडियाने त्यांना 'अमेरिकेतली सर्वात वाईट आई' ठरवून टाकलं. २००९ मध्ये त्यांचं 'फ्री-रेंज किड्स' पुस्तक आलं. अर्थात हे फक्त नावाचं झालं, पद्धत जुनीच, ती दुर्मिळ झाली म्हणून तिला नाव लागलं.

दुर्मिळ कशामुळे झाली यावर मात्र एकमत नाही. एक मत असं की १९७९ नंतर अमेरिकेत गाजलेल्या मुलं हरवण्याच्या केसेस आणि दुधाच्या खोक्यांवर छापलेले फोटो यांनी आईबाप धास्तावले. दुसरं मत ट्रॅफिकचं, गाड्या वाढल्या तसे आईबाप मुलांना एकटं सोडेनात. ब्रिटिश संशोधक मेयर हिलमन यांच्या पाहणीत इंग्लंडमधली ७-८ वर्षांची सुमारे ८० टक्के मुलं १९७१ मध्ये शाळेत एकटी जायची, १९९० मध्ये ९ टक्के. हे आकडे इंग्लंडचे आहेत, त्यामुळे सगळं खापर अमेरिकेतल्या केसेसवर फोडता येत नाही आणि दुसरं मत जास्त पटतं.

कायद्याचा घोळ मुख्यतः अमेरिकेत, कारण 'हेळसांड' म्हणजे काय ते प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं. मेरीलँडचं कलम बघा: ८ वर्षांखालच्या मुलाला घरात, इमारतीत, बंदिस्त जागेत किंवा गाडीत एकटं कोंडून ठेवायचं नाही, राखायला निदान १३ वर्षांचं कोणीतरी हवं. २०१४ च्या अखेरीस मेरीलँडमधल्याच सिल्व्हर स्प्रिंगमध्ये १० आणि ६ वर्षांची भावंडं बागेतून चालत घरी येत होती तर पोलिसांनी त्यांना गाडीत घालून घरी नेलं आणि बालसंरक्षण विभागाची चौकशी मागे लागली. वयं बघितली तर धाकटं ८ च्या खाली आणि थोरलं १३ च्या खाली, म्हणजे दोन्हीकडून अडकले, पण कलमात रस्त्याचा किंवा बागेचा उल्लेखच नाही! शेवटी २०१५ मध्ये आईवडील सुटले.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या केंद्रीय शिक्षण कायद्यात एक कलम घातलं गेलं की पालकांनी परवानगी दिली तर मूल शाळेत एकटं जाऊ शकतं, पण राज्यांच्या कायद्यांपुढे ते चालत नाही. खरा बदल युटा राज्याने केला, मार्च २०१८ मध्ये सही झाली आणि मे मध्ये कायदा लागू. त्यात वयाचा आकडाच नाही, 'पुरेसं वय आणि समज' असलेलं मूल चालत किंवा सायकलने शाळेत गेलं, दुकानात गेलं, बाहेर खेळलं, तर तेवढ्यावरून ती हेळसांड नाही. २०२१ मध्ये टेक्सास आणि ओक्लाहोमा, पुढे कोलोराडो वगैरे.

इंग्लंडमध्ये मुलाला घरी एकटं ठेवायला ठराविक वय नाही. न्यूझीलंडमध्ये १४ वर्षांखालच्या मुलाकडे बघायची वाजवी सोय न करता त्याला एकटं सोडणं गुन्हा. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये १२ वर्षांखालच्या मुलाला 'अवाजवी वेळ' एकटं सोडलं तर ३ वर्षांपर्यंत कैद, आणि अवाजवी म्हणजे किती, तर कलमच म्हणतं की परिस्थिती बघून ठरवा.