आयत्या पफ पेस्ट्रीचे चीज डॅनिश : पदरांमधल्या स्निग्धांशाची पार्श्वभूमी

कॉफी शॉपच्या काचेच्या कपाटात दिसणारे चीज डॅनिश, म्हणजे मधोमध गोड क्रीम चीज घातलेली पदरांची पेस्ट्री, घरी करायचे ठरले की बहुतेकांची सारी काळजी वरच्या चीजपुरती असते. क्रीम चीज कोणते घ्यावे, साखर किती घालावी, अंड्याचा बलक हवा की नको, यावर पुष्कळ खल होतो. खालची पफ पेस्ट्री मात्र फ्रीझरमधून आयती निघते आणि तिच्याविषयी कोणी फारशी चौकशी करत नाही. वास्तविक या पदार्थाची चव, त्याचे फुलणे आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्याच्याभोवती उभे राहिलेले कायदे हे सगळे त्या आयत्या पिठाच्या पदरांमध्ये लाटलेल्या स्निग्धांशावरच ठरत आले आहे.

डॅनिश पेस्ट्रीची मूळ कथा थोडक्यात सांगता येते. 1850 साली कोपनहेगनच्या बेकऱ्यांमध्ये संप झाला, मालकांनी ऑस्ट्रियातून कारागीर आणले, आणि त्यांची पदर पाडण्याची पद्धत डेन्मार्कात रुजून पुढे स्थलांतरितांबरोबर अमेरिकेत गेली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्या मूळ डॅनिश पिठात यीस्ट असते, अंडे असते. घरी आपण वापरतो ती पफ पेस्ट्री यीस्टविना केलेली असते आणि केवळ वाफेवर फुलते. तीन पदरी घडी तीन वेळा घातली तर स्निग्धांशाचे 27 पदर होतात, सहा वेळा घातली तर 729. भट्टीत पिठातल्या पाण्याची वाफ होते, ती पदरापदरांत अडकते आणि पीठ वर उचलले जाते. परंतु त्यासाठी मधला स्निग्धांश भट्टीत जाईपर्यंत घट्ट राहिलेला असावा लागतो. तो आधीच वितळून पिठात मुरला, तर पदर सुटण्याऐवजी एकसंध, तेलकट भाकरी हाती येते.

लोणी साधारण 32 ते 35 अंशांवर वितळते. एप्रिलमध्ये मुंबईच्या बेकरीत भट्टीशेजारी उभे राहून लोण्याचे पदर लाटणे किती कठीण असेल, हे निराळे सांगायला नको. म्हणून स्वस्त आणि घट्ट पर्यायाचे आकर्षण बेकरीधंद्याला पहिल्यापासून होते. 1869 साली फ्रान्समध्ये मार्गारिन तयार झाले. 1902 साली एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाने द्रवरूप तेल हायड्रोजनच्या साहाय्याने घट्ट करण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळवले. 1937 साली आपल्याकडे डबाबंद वनस्पती तूप आले, ज्याला आजही घराघरांत डालडाच म्हणतात. पुण्या-मुंबईच्या बेकऱ्यांमधली खारी आणि पॅटिस याच स्निग्धांशावर वाढले. शुद्ध तुपातली भेसळ ओळखता यावी म्हणून वनस्पतीत किमान पाच टक्के तिळाचे तेल मिसळण्याची सक्ती करावी लागली, यावरून तो वाद किती जुना आहे याची कल्पना यावी. तेव्हाचा वाद मात्र भेसळीचा होता, हृदयविकाराचा नव्हता.

दुकानातून आणलेल्या पिठाचा इतिहासही याच धाग्याला जोडलेला आहे. थंडाव्यात टिकणारे डबाबंद पीठ अमेरिकेत 1930च्या दशकात निघाले, फ्रोझन पफ पेस्ट्री ब्रिटनमध्ये 1950च्या दशकात विकली जाऊ लागली आणि गुंडाळीतून सुटणारे त्रिकोणी क्रेसेंट रोलचे पीठ 1965 साली अमेरिकन बाजारात आले. हेच क्रेसेंट रोलचे पीठ पुढे तिथल्या घरगुती चीज डॅनिशचा ठरलेला आधार झाले. महिनोन्महिने टिकणारा, खवट न होणारा आणि वाहतुकीत मऊ पडला तरी पदरांमध्ये टिकून राहणारा स्निग्धांश या मालाला हवा होता. अंशतः हायड्रोजनीकृत, म्हणजे हायड्रोजनच्या साहाय्याने अर्धवट घट्ट केलेल्या, तेलात हे सगळे गुण होते आणि त्याच तेलात ट्रान्स फॅट, म्हणजे त्या प्रक्रियेत तयार होणारी एक प्रकारची चरबी, हीही होती.

1990 साली नेदरलँड्समधील एका प्रयोगात असे दिसले की ट्रान्स फॅटमुळे रक्तातले घातक कोलेस्टेरॉल वाढते आणि उपकारक कोलेस्टेरॉल घटते. लोण्या-तुपात असते त्या साध्या संपृक्त चरबीत यांतला दुसरा दोष, उपकारक कोलेस्टेरॉल घटवण्याचा, नसतो. 1993 साली अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घ पाहणीतून हृदयविकाराशी असलेला संबंधही पुढे आला. या निष्कर्षांचे करायचे काय, हा खरा प्रश्न होता, आणि त्याची दोन उत्तरे दोन देशांनी दिली. या पदार्थाच्या इतिहासात त्या निवडीइतके महत्त्वाचे दुसरे काही घडले असेल असे वाटत नाही.

डेन्मार्कने मार्च 2003 मध्ये थेट मर्यादा घातली : शंभर ग्रॅम स्निग्धांशात औद्योगिक ट्रान्स फॅट दोन ग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. 1 जानेवारी 2004 पासून हा नियम पूर्णपणे लागू झाला. असा नियम करणारा हा जगातला पहिला देश, आणि ज्या पेस्ट्रीला जगभर त्याच देशाच्या नावाने ओळखले जाते तीही त्या नियमाखाली आली. नियम विक्रेत्यावर होता. ग्राहकाने काही वाचावे, समजून घ्यावे, गणित करावे, अशी अपेक्षा त्यात नव्हती. अमेरिकेने नेमका उलट मार्ग धरला आणि 1 जानेवारी 2006 पासून वेष्टनावर ट्रान्स फॅटचे प्रमाण छापणे बंधनकारक केले, परंतु एका वाढणीत अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी असेल तर शून्य लिहिण्याची मुभा ठेवली. एक वाढणी म्हणजे केवढी हे पाकिटावर छापलेले असते. पिठाच्या छोट्या तुकड्यात 0.4 ग्रॅम ट्रान्स फॅट असेल तर पाकीट शून्य म्हणणार आणि ते तुकडे जोडून न्याहारीला दोन-तीन पेस्ट्र्या खाणारा माणूस दोनेक ग्रॅम सहज पोटात घालणार. शिवाय कॉफी शॉपच्या कपाटातल्या उघड्या पेस्ट्रीला वेष्टनच नसते, तेव्हा तिथे छापणार कशावर?

डेन्मार्कच्या निर्णयावर आक्षेपही आले आणि त्यांतले काही विचारात घेण्याजोगे होते. दूध-लोण्यात निसर्गतः असणाऱ्या ट्रान्स फॅटला नियमातून सूट होती. लोणी निर्यात करणाऱ्या देशाने नेमकी हीच सूट द्यावी, यावर शंका घेणे स्वाभाविक होते. युरोपच्या सामाईक बाजारपेठेच्या कारभाऱ्यांनी तर हा व्यापारातला अडथळा ठरवून डेन्मार्कविरुद्ध कारवाईच सुरू केली, जी 2007 साली मागे घेण्यात आली. तथापि पेस्ट्री बाजारातून नाहीशी होईल ही भीती खोटी ठरली. मार्गारिनही हद्दपार झाले नाही. केवळ त्याची घडण बदलली. एकाच खाद्यसाखळीचे तळलेले बटाटे आणि कोंबडीचे तुकडे निरनिराळ्या देशांतून गोळा करून तपासले गेले, तेव्हा एकाच नावाच्या पदार्थातले ट्रान्स फॅट देशागणिक अतिशय वेगळे निघाले. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनंतर, कमी वापरणे शक्य नाही, असे म्हणण्याला फारसा अर्थ उरला नव्हता.

पुढचा प्रवास डेन्मार्कच्या दिशेने झाला. न्यूयॉर्क शहराने 2006च्या अखेरीस उपाहारगृहांवर बंधन आणले आणि बेकरीच्या पदार्थांना 2008च्या मध्यापर्यंत मुदत दिली. अमेरिकेने 2015 साली अंशतः हायड्रोजनीकृत तेलांची सुरक्षित ही मान्यता काढून घेतली व जून 2018 पासून त्यांचा वापर मुख्यत्वे थांबवला. ज्या युरोपने डेन्मार्कला जाब विचारला होता, त्याच युरोपने 2019 साली तीच दोन ग्रॅमची मर्यादा स्वीकारून एप्रिल 2021 पासून सर्वत्र लागू केली.

भारतात ही मर्यादा टप्प्याटप्प्याने आली : आधी दहा टक्के, मग पाच, जानेवारी 2021 पासून तीन आणि जानेवारी 2022 पासून दोन. शेवटच्या टप्प्यात ती केवळ तेला-तुपापुरती न राहता त्यापासून केलेल्या खाद्यपदार्थांनाही लागू झाली, म्हणजे खारी, पॅटिस आणि फ्रोझन पफ पेस्ट्रीची लाटलेली शीट तिच्या कक्षेत आली. कॉफी शॉपची संस्कृती तोवर इथे चांगली मुरली होती. पहिल्या मोठ्या देशी साखळीचे पहिले दुकान 1996 साली बेंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर उघडले होते आणि 2012 साली अमेरिकन साखळी मुंबईच्या हॉर्निमन सर्कलला आली होती. चीज डॅनिश घरी करण्याची हौस ही त्यानंतरची गोष्ट आहे.

चीजबद्दल एवढेच नोंदवणे पुरेसे आहे की अमेरिकन नियमानुसार क्रीम चीजमध्ये किमान 33 टक्के दुग्धस्निग्धांश लागतो आणि पाणी 55 टक्क्यांच्या वर चालत नाही. आपल्याकडे ते महाग पडते म्हणून श्रीखंडाचा चक्का वापरण्याची सूचना वारंवार होते. चक्क्यात स्निग्धांश कमी आणि पाणी अधिक, त्यामुळे भट्टीत तो फाटतो, पाणी सोडतो आणि मधला भाग ओला राहतो. रात्रभर वजनाखाली दाबून ठेवलेल्या चक्क्यात अंड्याचा बलक आणि चमचाभर कॉर्नफ्लोअर घातले, पिठाच्या मधल्या भागाला काट्याने टोचे मारले आणि पत्रा 200 अंशांच्या भट्टीत ठेवला, तर हा दोष बराच आवरतो.

ट्रान्स फॅट गेल्यावर त्याच्या जागी आले मुख्यतः पाम तेल आणि त्याचे घट्ट अंश. भारत हे तेल मोठ्या प्रमाणावर आयात करतो, आणि दोन टक्क्यांची मर्यादा लागू झाली त्याच वर्षी, एप्रिलच्या अखेरीस, इंडोनेशियाने त्याची निर्यात थांबवली. ती बंदी सुमारे साडेतीन आठवडे टिकली. पामच्या घट्ट अंशात संपृक्त चरबी पुष्कळ असते आणि त्याचा वितळणबिंदू लोण्याच्या वर असल्याने अशी शीट उन्हाळ्यात हाताळायला सोपी जाते, पण थंड पेस्ट्री खाताना टाळूला मेणासारखा थर जाणवतो. पाकिटावरच्या घटकांच्या यादीत लोणी आधी आहे की पाम, हे पाहिले तर या फरकाचा अंदाज विकत घेतानाच येतो. कोपऱ्यावरच्या बेकरीतून न भाजलेली पफ पेस्ट्री किलोवर सुटी आणणाऱ्याला मात्र ही सोय नाही. दोन टक्क्यांचा नियम तिलाही लागू आहे, पण तिच्यात कोणता स्निग्धांश लाटला आहे हे बेकरीवाल्यालाच विचारावे लागते.