स्वतःलाच आवळून घेणारा ब्रेक

एक काठी घ्या, ती तिरकी पुढे टेकवा आणि अंगणात ढकलत चाला. चार पावलांतच तिचं टोक मातीत रुततं, आणि जितका जोर लावाल तितकं आणखी खोल जातं. आता तीच काठी मागे धरून ओढत न्या. ती खरडत येते, पण कुठे अडत नाही. काठी तीच, माती तीच, बदलली ती फक्त दिशा. गाडीच्या मागच्या चाकांतला ड्रम ब्रेक एवढ्या एका गोष्टीवर चालतो. ही गोष्ट पक्की समजली की गॅरेजमध्ये ऐकलेले सगळे नियम पाठ करावे लागत नाहीत. त्यांची कारणं दिसू लागतात.

ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारं बिडाचं भांडं. त्याच्या आत, न फिरणाऱ्या बॅकप्लेटवर चंद्रकोरीच्या आकाराचे दोन शू बसवलेले असतात. त्यांच्या पाठीवर लायनर, म्हणजे ड्रमला घासणारा थर, असतो. दोन्ही शू खालच्या टोकाशी टेकलेले असतात आणि वर त्यांच्या मधे व्हील सिलेंडर असतो. पेडल दाबलं की ब्रेक ऑइलचा दाब इथवर पोचतो, सिलेंडरमधले दोन पिस्टन बाहेर सरकतात आणि शू फाकून ड्रमला आतून भिडतात. पेडल सोडलं की स्प्रिंगा त्यांना परत जवळ ओढतात.

गाडी पुढे जात असताना ड्रमचा पुढचा भाग वरून खाली फिरतो. म्हणजे पुढच्या शूच्या बाबतीत घर्षण त्याला त्याच्या टेकूकडे रेटतं, आणि पुढे टेकवलेल्या काठीसारखा तो ड्रममध्ये आणखी रुततो. तुमच्या पायाने लावलेल्या जोरात चाकाच्या फिरण्याचा जोर मिळतो. मागच्या शूचं नेमकं उलटं होतं. घर्षण त्याला ड्रमपासून दूर लोटत असतं. त्यामुळे बरंचसं काम पुढचाच शू करतो आणि तोच आधी झिजतो. ड्रम उघडल्यावर एक लायनर पातळ आणि दुसरा जाड दिसला तर घाबरू नका, ती ब्रेकची रीतच आहे. गाडी मागे घेताना मात्र दोघांच्या भूमिका बदलतात. म्हणून चढावर उभी असो की उतारावर, हँडब्रेक तिला सारखाच धरून ठेवतो.

लुई रेनॉ या फ्रेंच गाडीकर्त्याने १९०२ मध्ये या ब्रेकला आजचं रूप दिलं. पुढे कित्येक दशकं बहुतेक गाड्यांना ब्रेकसाठी बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारं साधन, नव्हतं. जड गाडी फक्त पायाच्या जोरावर थांबायची, ती याच गुणामुळे. आता पुढच्या चाकांना डिस्क आली आहे, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी उघडी थाळी, जिला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटतात. ब्रेक मारताच गाडीचा भार पुढे झुकतो आणि थांबवण्याचं निम्म्याहून बरंच अधिक काम पुढच्या चाकांवर पडतं, म्हणून तिथे डिस्क हवीच. मागे मात्र आपल्याकडच्या बहुसंख्य छोट्या गाड्यांत ड्रमच आहे, आणि माझ्या मते तो जुनाट म्हणून हिणवण्यासारखा मुळीच नाही. फोक्सवॅगनने आयडी ३ आणि आयडी ४ या विजेच्या गाड्यांना मागे ड्रमच दिले. विजेच्या गाडीत वेग कमी करण्याचं बरंच काम मोटरच करते. मग कमी वापरली जाणारी उघडी डिस्क गंजते, झाकलेला ड्रम तितका गंजत नाही.

गंजतो, पण वेगळ्या तऱ्हेने. एकदा ऐन श्रावणात आम्ही कोकणातल्या घरी गाडी हँडब्रेक लावून पंधरा दिवस ठेवली. निघायच्या दिवशी मागचं डावं चाक फिरेना. ओल्या हवेत ड्रमला तांबूस गंज चढला होता आणि लायनर त्याला चिकटून बसला होता. गावातल्या मिस्त्रीकाकांनी चाक उचललं, लाकडी हातोड्याने ड्रमच्या कडेकडेने ठोकलं, तेव्हा तो सुटला. सुटताना लायनरचा एक तुकडा ड्रमलाच राहिला. काका एवढंच म्हणाले, “पावसात गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाला दगड लावायचा. हँडब्रेक नाही ओढायचा.” तेव्हापासून मी ते पाळतो.

ड्रम उघडायचा तर गाडी सपाट, कडक जमिनीवर हवी. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावा आणि चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका, खाली स्टँड लावाच. मग हँडब्रेक सोडायचा. ड्रम सहसा सहजी निघत नाही. बऱ्याच ड्रमांना दोन आटे पाडलेली भोकं असतात. त्यांत बोल्ट घालून ते आळीपाळीने थोडेथोडे आवळले की ड्रम सरळ बाहेर ढकलला जातो. तरीही अडला, तर आतल्या काठावर झिजून उरलेली कड शूंना धरून बसली आहे असं समजा आणि आधी ॲडजस्टर, म्हणजे शू आणि ड्रममधली फट कमी-जास्त करणारा भाग, सैल करा.

आतली काळी धूळ तोंडाने फुंकू नका, कॉम्प्रेसरच्या हवेनेही उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. त्याचे तंतू फुफ्फुसात जाऊन बसतात आणि कित्येक वर्षांनी जीवघेणे आजार होतात. समोरच्या लायनरमध्ये काय आहे ते डोळ्यांना कळत नाही. ब्रेक क्लीनर किंवा साबणाच्या पाण्याने धूळ भिजवायची आणि फडक्याने पुसून घ्यायची. हे काम करणाऱ्या पोरांना रुमालसुद्धा न बांधता हवेचा पाइप मारताना पाहिलं की माझा जीव तुटतो.

स्प्रिंगा सोडण्याआधी फोटो काढा, आणि एका वेळी एकच बाजू खोला, म्हणजे दुसरी बाजू नमुन्याला राहते. ड्रम काढलेला असताना पेडलला कुणाचाही पाय लागू देऊ नका, नाहीतर पिस्टन सिलेंडरबाहेर येतील. सिलेंडरच्या रबरी टोपीची कड उचलून आत ओल आहे का ते बघा. ओल असेल तर गळती सुरू झाली आहे. ड्रमच्या आतल्या बाजूला कमाल व्यास बहुधा कोरलेला असतो. झीज त्यापुढे गेली असेल तर लेथवर कट मारून उपयोग नाही, ड्रम बदलायचा.

इथे ती काठी पुन्हा आठवा. शू स्वतःला आवळून घेतो, म्हणजे लायनरच्या घर्षणातला लहानसा फरकही ब्रेकच्या जोरात मोठा होऊन दिसतो. डाव्या लायनरला चिमूटभर ग्रीस लागलं आणि उजवा कोरडा राहिला तर जोराच्या ब्रेकला गाडी एका अंगाला ओढते. म्हणूनच शू नेहमी दोन्ही चाकांचे एकत्र बदलायचे, आणि ऑइल प्यायलेला लायनर पॉलिश पेपरने घासून परत बसवायचा नाही. ऑइल आत मुरलेलं असतं, गरम झालं की पुन्हा वर येतं. ग्रीस लावायचं ते फक्त बॅकप्लेटवर शू घासतो त्या उंचवट्यांवर, तेही बोटाच्या टोकावर मावेल एवढंच आणि उष्णता सोसणारं.

ब्रेक ऑइल हे नावच फसवं आहे. छोट्या गाड्यांत वापरलं जाणारं डॉट ३ किंवा डॉट ४ या प्रतीचं द्रव हे खनिज तेल नव्हेच. सिलेंडरची रबरं पेट्रोलने धुतली किंवा ब्रेक ऑइलच्या टाकीत इंजिन ऑइल ओतलं तर रबर फुगून निकामी होतं. हे द्रव हवेतला ओलावा शोषतात. कोरडं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण साडेतीन-चार टक्के पाणी शोषलं की ही मर्यादा १४० अंशांवर येते. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दबतात, आणि पेडल रिकामं खाली जातं. दर दोन वर्षांनी ते बदला.

इतकी उष्णता येते कुठून? १००० किलोची गाडी ताशी ६० किलोमीटरवरून एकदा थांबवली तर जवळपास अर्धा लिटर पाणी उकळीला येईल इतकी उष्णता ब्रेकमध्ये तयार होते. हीच गाडी खंडाळ्याहून खोपोलीला उतरते तेव्हा सुमारे ५०० मीटर खाली येते. तो सगळा भार ब्रेकनेच पेलायचा ठरवला तर पंधरा लिटर पाणी उकळण्याएवढी उष्णता होते, आणि ड्रममधली उष्णता बंद पेटीत अडकून राहते. १८० मिलिमीटर व्यासाचा ड्रम २०० अंशांनी तापला तर तो जवळपास ०.४ मिलिमीटर फुगतो, म्हणजे शूपासून दूर सरकतो. डिस्क तापून फुगली तर पॅडच्या जवळ येते, ड्रम लांब जातो. त्यात तापलेल्या लायनरचं घर्षणही घटतं. घाटातले जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. तसं केलं की हा भार इंजिन वाहतं.

याच फुगण्यामुळे ब्रेकचं सेटिंग ड्रम थंड असतानाच करायचं. गरम ड्रमला जुळवून शू लावले तर थंड झाल्यावर ड्रम आक्रसतो आणि चाक जाम होतं. ड्रम चढवला की ॲडजस्टर इतका फिरवा, की चाक हाताने फिरवताना लायनरचा हलका खरखर आवाज येईल, पण चाक अडणार नाही. अनेक छोट्या गाड्यांत पेडल पुन्हा पुन्हा दाबलं की राहिलेली फट ॲडजस्टर आपोआप भरून काढतो. हँडब्रेकची केबल सगळ्यात शेवटी. आधी केबल आवळून हँडब्रेक “टाइट” करून दिला, तर शू आपल्या जागी पूर्ण मागे येत नाहीत आणि मग ॲडजस्टर नीट चालत नाही.

गाडी खाली उतरवली की इंजिन सुरू करण्याआधी पेडल कडक लागतंय ना ते बघा. मग रिकाम्या रस्त्यावर सावकाश दोन-चार ब्रेक मारा, आणि चार-पाच किलोमीटर फिरून आल्यावर दोन्ही मागच्या चाकांजवळ तळहात न्या. स्पर्श करू नका, नुसती धग घ्या. एका बाजूची धग जास्त असेल तर तिथला शू घासतोय. चाक पुन्हा उचला आणि ॲडजस्टर दोन खटके मागे घ्या.