एकाच दिवशी तीन सुया? हो, चालतात!

‘दीड महिन्याचं बाळ, त्याला एका दिवशी तीन सुया! न्यूमोनियाची पुढच्या खेपेला बघू.’ लसीकरणाच्या दिवशी घरोघरी हे ऐकू येतं. काळजी खरी आहे, समज मात्र चुकीचा.

न्यूमोनियापासून वाचवणारी न्यूमोकोकल लस, म्हणजेच पीसीव्ही, 2021 पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत मिळते. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशी तिची वेळापत्रकं ठरलेली आहेत. अडीच महिन्यांच्या खेपेला ती नसतेच, त्यामुळे ‘पुढच्या वेळी’ म्हणता म्हणता डोस लांबतो, आणि न्यूमोनिया सर्वांत घातक ठरतो तो याच तान्ह्या वयात.

नर्सताई काय करतात ते नीट बघा. पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकच लस) डाव्या मांडीत, पीसीव्ही उजव्या मांडीत, पोलिओची सुई उजव्या दंडाला. प्रत्येक लसीला नवी सिरिंज; दोन लसी एकत्र मिसळत नाहीत. बाळाची प्रतिकारशक्ती हे सहज पेलते. साधी सर्दी असली तरी लस देता येते.

नंतर अर्धा तास तिथंच थांबा. मांडी चोळू नका, बाम लावू नका. ताप आला तर सांगितलेल्या मात्रेतच पॅरासिटामॉल द्या. डोस चुकला असेल, तर येत्या सत्रालाच बाळाला घेऊन जा.